इंजिन बदलले, काटा तपासला का?



या पानावर मी नेहमी बेणे, लागण, खते आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा वाटेबाहेरचा आहे. ट्रॅक्टरचे इंजिन बदलल्यानंतर पाण्याच्या उष्णतेचे मीटर आणि इंजिनातला सेन्सर यांची जोडी जुळते की नाही, ते कसे पाहावे, याविषयी लिहावयाचे आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने इंजिनावर कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. मी शेतकी पदविकेचा माणूस, मिस्त्री नव्हे. परंतु या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आणि तिचे नुकसान एका सभासदाला व एका तोडणी टोळीला सोसावे लागले. तीच चूक दुसऱ्या कोणाकडून होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

झाले ते असे

२०२३-२४ चा गळीत हंगाम. जानेवारी २०२४ चा महिना, म्हणजे हंगाम ऐन भरात. माझ्या गटातील एका सभासदाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून ऊस वाहतुकीला होता. त्याचे मूळ इंजिन त्याआधीच्या पावसाळ्यात कामातून गेले होते. नवे इंजिन परवडण्यासारखे नव्हते. म्हणून त्यांनी त्याच जातीचे, पण नंतरच्या मॉडेलचे वापरलेले इंजिन आणून बसविले. बसविणाऱ्याने आपले काम नीट केले होते. इंजिन पहिल्या झटक्याला चालू होई, ओढायला दमदार होते, धूर नव्हता. पाण्याच्या उष्णतेचा सेन्सर इंजिनाबरोबरच आला होता. जुन्या मीटरची वायर त्याच्या एका पिनेला जोडली, दुसरी पिन बॉडीला दिली. चावी फिरवली, काटा हलला. काम झाले, असे सगळ्यांनी धरले.

एका संध्याकाळी मी फडावर गेलो होतो. ट्रॅक्टर भरून उभा होता. चालविणारा मालकांचा पुतण्या. तो जवळ येऊन म्हणाला, "साहेब, गाडी तापतीया असं वाटतंय. बॉनेटवर हात ठेववत न्हाई."

मी विचारले, "मीटरचा काटा किती दाखवतोय?"

"पन्नासावर हाय. त्येच्या म्होरं कवा जातच न्हाई."

"मग घाबरतोस कशाला? खेप टाकून ये. गव्हाण रिकामी राहायला नको."

पोरगा गेला. कारखान्याच्या अलीकडच्या चढावर बॉनेटमधून वाफेचा लोट आला आणि इंजिन थांबले. हेड गॅसकेट जळाले होते आणि हेड वाकले होते. ट्रॉल्या दोन रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुसरी वाहने मिळवून ऊस हाताने उतरवून पुन्हा भरावा लागला. तुटलेल्या उसाचे काय होते, हे सभासदांना सांगावयास नको. तो वाळून वजनाला घटतो आणि त्यातली साखर मोडू लागते. म्हणून तर तोडणीनंतर शक्यतो चोवीस तासांत ऊस गाळला जावा, असा आपला आग्रह असतो.

त्याहून वाईट गोष्ट टोळीची. मजुरी टनावर असते. बसून काढलेल्या दिवसाचे पैसे कोणी देत नाही. त्या टोळीची माणसे तीन दिवस कोपीसमोर बसून होती. मुकादमाने मला कधी वाकडा शब्द काढला नाही. रोज सकाळी तो फक्त एवढेच विचारी, "साहेब, गाडी आज येनार का?" ते विचारणे मला शिव्यांपेक्षा जड गेले.

मालकांना भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, काटा तुमीबी धरला, मीबी धरला. दोष कुनाला द्यायचा?" पण दोष कोठे आहे हे पाहिल्याशिवाय मला चैन पडेना.

मीटर नेमके काय मोजते?

आपली समजूत अशी, की मीटर पाण्याची उष्णता मोजते. तसे नाही. पाण्यात बुडालेला असतो तो सेन्सर. त्याच्या पितळी टोपणात एक असा पदार्थ बसविलेला असतो, की तो गार असताना विजेला जास्त अडवितो आणि तापत जाईल तसा कमी अडवितो. या अडविण्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. डॅशबोर्डवरच्या मीटरला अंश वगैरे काही कळत नाही. सेन्सरमधून किती वीज वाहते आहे, एवढेच त्याला कळते. अमुक ओहम म्हणजे अमुक अंश, हे गणित मीटर तयार करतानाच त्याच्या तबकडीवर छापलेले असते. आणि ते गणित एका विशिष्ट जातीच्या सेन्सरसाठीच असते.

आपल्या वजनकाट्याचे उदाहरण घ्या. खोलीत आकडा दिसतो, पण भार झेलणारे लोडसेल बाहेर प्लॅटफॉर्मखाली असतात. उद्या आम्ही एका जातीचे लोडसेल काढून दुसऱ्याच जातीचे बसविले, प्रमाणित वजने ठेवून पडताळणी केली नाही आणि "आकडा तर हलतोय" असे म्हणून सभासदांचा ऊस मोजू लागलो, तर आपण गप्प बसाल काय? वार्षिक सभा डोक्यावर घ्याल, आणि ते योग्यच होईल. मग ट्रॅक्टरच्या काट्याला तो नियम का नको? काटा हलतो म्हणजे काटा खरा सांगतो, असे नव्हे.

पातेल्यातली परीक्षा

कारखान्याच्या वर्कशॉपमधील फोरमन आणि इलेक्ट्रिशियन यांनी मनापासून मदत केली. मालकांच्या शेडमध्ये जुने इंजिन अजून पडून होते. त्यातला मूळ सेन्सर काढून आणला. नव्या इंजिनातला सेन्सरही काढला. कारखान्याच्या प्रयोगशाळेतून काचेचा थर्मामीटर मागून घेतला. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात पाणी घेतले, दोन्ही सेन्सर तारेने असे टांगले की टोके बुडावीत पण तळाला लागू नयेत. खाली शेगडी आणि हातात साधा मल्टिमीटर. पाणी ढवळीत राहायचे आणि ठरावीक अंशावर दोन्हींचा रोध लिहून घ्यायचा. आम्हाला आलेले आकडे साधारण असे होते :

४० अंश से. : जुना सेन्सर २९० ओहम, नवा ११७० ओहम
६० अंश से. : जुना १३५, नवा ५९५
८० अंश से. : जुना ७०, नवा ३२५
९८ अंश से. (उकळी) : जुना ४०, नवा १९५

उकळी ९८ ला का, असा प्रश्न एका शिकाऊ मुलाने विचारला. प्रश्न चांगला होता. पाणी १०० अंशांना उकळते ते समुद्रसपाटीला. आपल्या भागासारख्या साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर ते ९८ अंशांच्या आसपास उकळते. थर्मामीटर नसला तरी उकळते पाणी हे आपल्या हाताशी असलेले एक प्रमाणित वजनच आहे.

आता आकड्यांकडे पाहा. मीटर जुन्या सेन्सरसाठी बनविलेले. त्याला १९५ ओहम दिसले की तो काय समजणार? जुन्या सेन्सरचा रोध ४० अंशांना २९० आणि ६० अंशांना १३५ होता. म्हणजे १९५ येतो तो ५० अंशांच्या जवळ. इंजिनात पाणी उकळते आहे आणि काटा ५० वर आहे. पोरगा सांगत होता तो हाच आकडा!

मीटर बिघडले नव्हते. नवा सेन्सरही बिघडला नव्हता. नंतरच्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक मीटर आले, त्याच्यासाठी तो निराळ्या जातीचा सेन्सर होता. दोघेही आपापल्या जागी खरे, फक्त एकमेकांची भाषा त्यांना येत नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी माझ्या ध्यानात आली. पोरगा म्हणाला होता, "त्याच्या पुढे कधी जातच नाही." मी ते चांगले लक्षण समजलो. वास्तविक तीच धोक्याची सूचना होती. इंजिनातला थर्मोस्टॅट बहुतेक गाड्यांत ८० अंशांच्या थोडा पुढे उघडू लागतो. तोवर पाणी रेडिएटरकडे जात नाही. म्हणजे दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या चांगल्या इंजिनाचा काटा ८०-९० च्या दरम्यान यावयास हवा. तो कायम ५० वर राहतो, याचे अर्थ दोनच : एक तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा काढून टाकला आहे, नाही तर काटा चुकीचे सांगतो आहे. वर गेलेल्या काट्याला आपण भितो. वर न येणाऱ्या काट्यालाही भ्यायला हवे.

रेझिस्टर जोडून भागत नाही काय?

काही इलेक्ट्रिशियन वायरमध्ये एखादा रेझिस्टर टाकून काटा 'सेट' करून देतात. आम्हीही तो हिशेब मांडून पाहिला. ९८ अंशांना मीटरला ४० ओहम दिसावेत म्हणून नव्या सेन्सरला समांतर ५० ओहमचा रेझिस्टर लावावा लागतो. उकळीला काटा बरोबर येतो. पण पाणी ४० अंशांना असताना दोन्ही मिळून रोध होतो ४८ ओहम, आणि मीटरच्या भाषेत ४८ म्हणजे ९० अंशांच्याही वर! इंजिन कोमट असताना काटा जवळजवळ उकळी दाखवितो. असा काटा दिवसभर एकाच जागी उभा राहणार आणि ड्रायव्हर दोन दिवसांत त्याच्याकडे पाहणे सोडून देणार. एका टोकाला जुळवावे तर दुसरे टोक सुटते. तेव्हा या वाटेला जाऊ नये.

मग करावे काय?

१) जुने इंजिन भंगारात देण्यापूर्वी त्यातला मीटरचा सेन्सर काढून जपून ठेवावा. नव्या इंजिनाच्या भोकाला त्याचे आटे बसत असतील तर तोच बसवावा. सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय हाच.

२) आटे जबरदस्तीने बसवू नयेत. काही आटे सरळ असतात, काही निमुळते. ॲडॅप्टर लावायचा तर सेन्सरचे टोक वाहत्या पाण्यात पोहोचते का, ते पाहावे. टोक ॲडॅप्टरच्या पोटातच राहिले तर काटा मागे राहतो.

३) जुना सेन्सर मिळत नसेल तर मीटर आणि सेन्सर एकाच जोडीचे नवे घ्यावेत. दुकानात "पाण्याचा सेन्सर द्या" एवढेच म्हणू नये. मीटरचा नमुना दाखवावा, मीटर किती अंशांपर्यंतचे आहे ते सांगावे.

४) नव्या इंजिनाला स्वतःचा संगणक असेल तर त्याचा सेन्सर त्यालाच ठेवावा. त्याच्यातून मीटरला वायर काढली तर दोघांचाही हिशेब चुकतो. मीटरसाठी दुसऱ्या भोकात वेगळा सेन्सर बसवावा.

५) वायरींची कटकट नको असेल तर बल्ब आणि बारीक तांब्याची नळी असलेले यांत्रिक मीटर बसविता येते. त्याला विजेची गरज नसते. फक्त ती नळी दुमडू किंवा तुटू देऊ नये.

६) सेन्सर आणि स्विच यांत गल्लत करू नये. दिसायला दोन्ही सारखेच. स्विच फक्त ठरावीक उष्णतेला दिवा लावण्यासाठी असतो. तो मीटरला जोडला तर काटा गारवर पडून राहतो आणि अखेरीस एकदम टोकाला उडी मारतो. मल्टिमीटरवर गार सेन्सर काही तरी रोध दाखवितो, असला स्विच बहुधा काहीच दाखवीत नाही.

जोडी बरोबर असूनही काटा चुकतो तेव्हा

इंजिन उतरवून पुन्हा चढविताना इंजिन आणि चासी यांमधली अर्थिंगची पट्टी बसवावयाची पुष्कळदा राहून जाते, किंवा गंजलेल्या जागी बसविली जाते. एका वायरीच्या सेन्सरची वीज त्याच्या आट्यांतून इंजिनात आणि तेथून बॅटरीकडे परत जाते. वाटेत अडथळा वाढला की मीटर समजते इंजिन गार आहे. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढेच्या वेढे मारल्यानेही हेच होते.

काही जुन्या गाड्यांत मीटरला पूर्ण १२ व्होल्ट जात नाहीत. मधे एक स्टॅबिलायझर असतो आणि तो सुमारे १० व्होल्ट देतो. वायरिंग बदलताना तो गळाला तर काटा खऱ्यापेक्षा वर दाखवितो.

सर्वांत घातक गोष्ट शेवटी सांगतो. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तो खरे बोलतो. होज फुटून पाणी निघून गेले तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन लाल होत असताना काटा खाली येतो. चढावर असताना काटा अचानक खाली आला तर "गाडी गार झाली" असे समजून पुढे जाऊ नये. लगेच बाजूला घेऊन पाणी पाहावे. मात्र तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आत दाब असतो आणि वाफेने तोंड-हात भाजतात. थ्रॉटल कमी करावा, गाडी उभी करावी, निवू द्यावी. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये, हेड तडकते.

मीटर जागेवर तपासण्यासाठी सेन्सरऐवजी बाजारात मिळणारे साधे रेझिस्टर लावून पाहता येतात. आमच्या जोडीत ४७ ओहम लावल्यावर काटा ९० च्या थोडा पुढे आणि २२० ओहम लावल्यावर ५० च्या थोडा खाली यावयास हवा होता, तसा तो आला. मात्र प्रत्येक मेकचे आकडे निराळे असतात. वर दिलेले आकडे आमच्या जोडीचे आहेत, ते आपल्या गाडीला जसेच्या तसे लावू नयेत. पद्धत घ्यावी, आकडे आपले काढावेत.

जाता जाता कागदाचीही आठवण करतो. इंजिन बदलले की नोंदणी पुस्तकातला इंजिन नंबर बदलतो. परिवहन कार्यालयाची मंजुरी घेऊन ती नोंद करून घ्यावी. अपघात झाल्यावर विमा कंपनी आधी तोच नंबर पाहते.

आता काय बदलले?

त्या ट्रॅक्टरचे हेड दुरुस्त झाले आणि मूळ सेन्सर त्यात बसला, आटे जुळले हे नशीब. भरल्या ट्रॉल्या ओढताना त्याचा काटा आता ८५ च्या आसपास असतो. मधून मधून मी त्या पोराला थांबवून काटा पाहतो. तो हसतो आणि म्हणतो, "बगा साहेब, आता खरं बोलतोय." काही शे रुपयांची वस्तू आणि अर्ध्या दिवसाचे काम. ते आधी केले असते तर हेडचा खर्च, वाळलेला ऊस आणि टोळीचे तीन दिवस वाचले असते.

मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. ड्रायव्हर म्हणाला की गाडी तापते, तर त्याच्या हाताचे आधी ऐकायचे, काट्याचे नंतर. हात, नाक आणि कान यांना कोणी सेन्सर बदलून देत नाही. गव्हाण घटकाभर रिकामी राहिली तर चालेल.

वाहतूकदार सभासदांनी हंगामापूर्वी इंजिन बदलले असेल, तर मीटर आणि सेन्सर घेऊन वर्कशॉपमध्ये यावे. पातेले, शेगडी, थर्मामीटर आणि मल्टिमीटर तेथे ठेवून घेतले आहे. येण्यापूर्वी गट ऑफिसमध्ये नाव सांगून ठेवावे, म्हणजे खोळंबा होणार नाही. जुने इंजिन घरी पडून असेल तर त्यातला सेन्सर काढून बरोबर आणण्यास विसरू नये.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग